जलवाहिनी शिकून काय करायचे?

जलवाहिनी पाणी वर नेते, रसवाहिनी अन्न खाली आणते. सोडियमचे इलेक्ट्रॉन दोन, आठ, एक. दहावीपर्यंत शिकलेल्या बहुतेकांच्या डोक्यात शाळेच्या विज्ञानातले एवढेच उरते, आणि तेही परीक्षा संपली की पुसट होऊ लागते. मग पालकसभेत, शिक्षणावरच्या चर्चेत, घरी जेवताना तोच प्रश्न निघतो. ज्या मुलांना शास्त्रज्ञ व्हायचे नाही, त्यांना हे कशाला शिकवायचे? त्यापेक्षा शेती शिकवा, बँकेचे व्यवहार शिकवा, संगणक शिकवा.

हा प्रश्न नुसता गप्पांपुरता राहिलेला नाही. करोनाच्या काळात अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने जी कात्री चालवली, तिच्यात दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा, म्हणजे आवर्तसारणीचा, संपूर्ण धडा गेला. २०२३ मध्ये नवी पुस्तके वर्गात आली ती या धड्याविना. टीका झाल्यावर उत्तर आले, की आवर्तसारणी अकरावीत सविस्तर आहेच. अकरावीत विज्ञान न घेणाऱ्या मुलांचे काय, याचे समाधान त्या उत्तरात नव्हते.

'हे कशाला' म्हणणाऱ्यांचे म्हणणे तीन भागांत मांडता येते. पहिले, या ज्ञानाचा रोजच्या जगण्यात उपयोग नाही. दुसरे, शाळेत शिकवला जाणारा अणू मुळातच चुकीचा आहे, पुढे तो विसरावाच लागतो; मग शिकवायचा कशाला? तिसरे, माहिती हवी तेव्हा मोबाइलवर मिळते, ती डोक्यात भरण्याची गरज नाही. तिन्ही मुद्दे गांभीर्याने घेण्यासारखे आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत.

उपयोगाचा मुद्दा आधी घेऊ.

सोलापूर, सांगोला, पंढरपूर या पट्ट्यातले डाळिंबाचे रोप बहुतेक वेळा बियांपासून होत नाही, ते गुटी कलमाने होते. कलम बांधणारा पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडतो. धारदार चाकूने दोन गोल छेद घेऊन इंच-सव्वा इंचाची सालीची कडी काढतो. खालच्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून टाकतो, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते. मग ओले शेवाळ त्या जागी लावून वर प्लॅस्टिक गुंडाळतो आणि दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधतो. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. या काळात वरची पाने सुकत नाहीत. चारही बाजूंनी साल निघाली तरी पाने हिरवीगार राहतात, आणि मुळे फुटतात ती काढलेल्या कडीच्या वरच्या काठाला.

याचे कारण शाळेच्या त्याच दोन ओळींत आहे. जलवाहिनी लाकडात असते, रसवाहिनी सालीच्या आतल्या भागात. साल काढली तेव्हा रसवाहिनी तुटली, जलवाहिनी शाबूत राहिली. म्हणून पाणी पानांपर्यंत पोचत राहिले. पानांनी केलेली साखर आणि शेंड्याकडून येणारी संप्रेरके मात्र छेदापाशी अडली, साठली आणि तिथे मुळे फुटली. इटलीचा मार्चेल्लो माल्पिगी याने सतराव्या शतकात झाडांच्या सालीची कडी काढून पाहिली होती. छेदाच्या वरचा भाग फुगतो, हे त्याने नोंदवले आणि अन्न सालीतून प्रवास करते असा निष्कर्ष काढला. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत मणी फुगावेत म्हणून गर्डलिंग करतात, म्हणजे सालीची बारीक कडी काढून साखर वरच अडवतात. त्यामागेही हेच आहे.

यावर उत्तर तयार असते: हे सगळे शेतकऱ्याला शाळेविना येते. येते, हे खरेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या हात बसला की रीत कळते. पण रीत ज्या कामासाठी घडली त्या कामापुरती असते. नवी गोष्ट समोर आली की रीत अपुरी पडते आणि कारण माहीत असावे लागते. आजच्या शेतीत नवी गोष्ट दर हंगामात येते.

कृषी सेवा केंद्रातल्या बाटल्यांवर 'आंतरप्रवाही' हा शब्द असतो. औषध झाडाच्या आत शिरून फिरते, एवढा त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. ते कोणत्या वाटेने फिरते, यावर मात्र पुढचे सगळे ठरते. इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक मुख्यतः जलवाहिनीतून, पाण्याच्या ओढीबरोबर वर जाते. म्हणून ते बियाण्याला चोळले तरी कोवळ्या पानांवरच्या रस शोषणाऱ्या किडीपर्यंत पोचते. ग्लायफोसेट हे तणनाशक पानांत शिरून रसवाहिनीतून साखरेबरोबर मुळांकडे उतरते. हरळी किंवा लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी त्यामुळेच मरतात, आणि तण ताणावर असताना, पाने काम करत नसताना केलेली फवारणी त्यामुळेच वाया जाते. हे आजोबांच्या अनुभवात नव्हते, कारण आजोबांच्या काळी ही रसायनेच नव्हती.

तुरीच्या मर रोगाचेही तसेच. शेतात ओल असते, तरी झाड मान टाकते. खोड उभे चिरले की आत काळपट रेघा दिसतात. जमिनीतली फ्युजेरियम बुरशी मुळातून जलवाहिनीत शिरलेली असते आणि पाण्याची वाट तुंबलेली असते. ज्याला हे माहीत आहे, तो सुकलेल्या झाडाला आणखी पाणी देण्यात वेळ घालवत नाही. तो पुढच्या हंगामात प्रतिकारक वाण आणि पिकाची फेरपालट यांचा विचार करतो.

आता अणूकडे येऊ. वनस्पतीचा धडा उपयोगाचा असेल, पण अणूचा कुणाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर खताच्या गोणीवर छापलेले आहे. युरियाच्या गोणीवर '४६ टक्के नत्र' असते. युरियाच्या रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन. शाळेत शिकलेले अणुवस्तुमान घ्या: १२, १६, २८ आणि ४, बेरीज ६०. साठात नायट्रोजन २८, म्हणजे शेकडा ४६ च्या थोडे वर. ४५ किलोच्या गोणीत नत्र येते पावणेएकवीस किलोच्या आसपास. डीएपीच्या गोणीवर १८:४६ असते. तिथला ४६ हा आकडा स्फुरदाच्या शुद्ध रूपाचा नसून त्याच्या ऑक्साइडचा असतो, आणि फॉस्फरसचे खरे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी भरते. दोन गोण्यांवर एकच आकडा, अर्थ मात्र वेगळे. हे नववी-दहावीचे गणित आहे. ज्याला ते येते त्याला दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

अणूमधला एक इलेक्ट्रॉन पिकाचा रंग कसा ठरवतो, हे चुनखडीच्या रानातल्या भुईमुगावर दिसते. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. जमिनीत लोह भरपूर असते, पण ते तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात असते, आणि चुनखडीच्या जमिनीत ते रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भुईमुगाच्या मुळाला ते आत घेण्यासाठी त्याला एक इलेक्ट्रॉन परत द्यावा लागतो. जमिनीचा सामू जास्त असला की हे काम अडते. म्हणून हिराकस, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाचे सल्फेट, पानांवर फवारले जाते. पिवळेपणा नव्या पानांवरच का? कारण लोह जुन्या पानांतून रसवाहिनीवाटे सहजी हलत नाही. नत्र हलते, म्हणून नत्राची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. पिवळे पान शेंड्याला आहे की बुडाला, एवढे पाहून कमतरता ओळखण्याची ही पद्धत अणू आणि वाहक ऊती हे दोन्ही धडे एकत्र आल्याशिवाय समजत नाही.

हे दोन धडे वेगळे मानणे हीच मूळ चूक आहे. अभ्यासक्रमातून एक काढला तर दुसरा लंगडा होतो, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा झाडाच्या शेंड्यापर्यंत चढणारे पाणी हाच आहे.

विहिरीच्या काठावरची मोटर पाणी किती खोलवरून ओढू शकते? हवेच्या दाबाला जेवढे तोलता येते तेवढेच, फार तर १० मीटर. प्रत्यक्षात सात-आठ मीटरवर ती दम टाकते. म्हणून तर पातळी खाली गेली की मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते. कोकणातला उंच माड वीस मीटरच्या पुढे जातो. कॅलिफोर्नियातला सर्वांत उंच रेडवूड वृक्ष ११५ मीटरच्या वर आहे. तिथवर पाणी कोणत्या मोटरने जाते? अनेक वर्गांत याचे उत्तर 'केशाकर्षण' असे देऊन विषय संपवला जातो. ते उत्तर टिकत नाही. ज्या जलवाहिनीची त्रिज्या २५ मायक्रोमीटर आहे, तिच्यात केशाकर्षणाने पाणी चढेल ते सुमारे ६० सेंटिमीटर. एवढ्याने तुरीच्या झुडपाचेही भागणार नाही.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर याने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे वीस मीटर उंचीचा ओक बुडाशी कापून पेशी मारणाऱ्या विषारी द्रावणात उभा केला. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्राव वर चढतच राहिला. म्हणजे खोडातल्या जिवंत पेशी पाणी ढकलत नव्हत्या. १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी उलगडा मांडला: पानांच्या रंध्रांतून पाणी वाफ होऊन जाते, तेव्हा मागच्या पाण्याला ओढ बसते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ मुळांपर्यंत पोचते. १९६५ मध्ये पर स्कोलँडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंच वृक्षांच्या शेंड्याच्या डहाळ्या रायफलीने पाडून त्यांतला ताण दाबपात्रात मोजला. जलवाहिनीतले पाणी खरोखरच ताणलेले असते, हे त्यातून आकड्यांत दिसले.

रेणू एकमेकांना धरून का असतात? याचे उत्तर वनस्पतीच्या धड्यात नाही, अणूच्या धड्यात आहे. ऑक्सिजनचा अणू सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो. त्यामुळे पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते, हायड्रोजनच्या बाजू किंचित धन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. इलेक्ट्रॉनांची ही असमान वाटणी नसती, तर माडाच्या शेंड्याला शहाळे धरले नसते.

इतिहासातही हे दोन विषय एकमेकांचे हात धरूनच पुढे गेले. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला परागकणांतून पाण्यात आलेले सूक्ष्म कण अखंड थरथरताना दिसले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्या थरथरीचे गणित मांडले, झां पेरँने मोजमाप केले, आणि अणू-रेणू खरे आहेत की नुसती सोयीची कल्पना, हा वाद मिटला. १८७७ मध्ये विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने परासरणाचा दाब मोजला तो वनस्पतींच्या पेशी समजून घेण्यासाठी. त्याच आकड्यांवरून फांट हॉफने द्रावणातल्या रेणूंचा नियम काढला, आणि १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. अणूच्या कल्पनेला इतका मोठा आधार झाडापानांच्या अभ्यासातून मिळाला, हे किती मुलांना सांगितले जाते?

दुसरा आक्षेप असा, की शाळेतला अणू खोटा आहे. केंद्रकाभोवती ठरलेल्या वर्तुळात फिरणारे इलेक्ट्रॉन असे चित्र मुले काढतात, आणि १९२०च्या दशकातच विज्ञानाने ते चित्र मागे टाकले. यात तथ्य आहे. पण बोरच्या प्रतिमानाने पहिल्या अठरा-वीस मूलद्रव्यांची संयुजा, त्यांची संयुगे, मीठ कसे बनते, हे आजही नीट समजते. जे प्रतिमान आपल्या मर्यादेत बरोबर उत्तर देते, ते मर्यादा सांगून शिकवले तर त्यात खोटे काही उरत नाही. खोटेपणा येतो तो मर्यादा लपवल्यावर.

शिवाय, चुकीची ठरलेली प्रतिमाने शिकवणे हाच या धड्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, आणि पुढे त्याने धनप्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत असा अणू कल्पिला. १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले, पण फार थोडे उलट फिरले. थॉमसनच्या अणूत त्यांना उलटवील असे काहीच नव्हते. १९११ मध्ये रदरफोर्डने केंद्रक मांडले, १९१३ मध्ये बोरने कक्षा मांडल्या, १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. थॉमसन हा रदरफोर्डचा गुरू. शिष्याच्या प्रयोगाने गुरूचे चित्र पुसले, आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या पुस्तकात झाडातले पाणी जिवंत पेशींच्या स्पंदनाने चढते असे मांडले. ते विज्ञानाने स्वीकारले नाही. बोसांचे विद्युतलहरींवरचे आणि वनस्पतींच्या प्रतिसादांवरचे काम त्यामुळे लहान झाले नाही. थोर माणसाचाही दावा पुराव्यावर तपासायचा असतो, हे मुलांना शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. माहिती मिळते, हे कबूल. पण विचारायचे काय, हे आधी सुचावे लागते. पानांवर फवारायचा नॅनो युरिया बाजारात आला तेव्हा अर्धा लिटरची बाटली एका गोणीची जागा घेईल असे सांगितले गेले. त्या बाटलीत नत्र होते ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. गोणीत जवळजवळ २१ किलो. हजारपट फरक आहे. तो कसा भरून निघतो, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायलाच हवा, आणि गोणीतल्या नत्राचा हिशेब येणाऱ्यालाच तो सुचतो. दुसऱ्या बाजूने 'रसायनमुक्त' असा शिक्का असलेला माल दामदुप्पट भावाने विकला जातो. शेणखतातून आलेला नायट्रेट आणि युरियातून आलेला नायट्रेट यांत मुळाला फरक कळत नाही. दोन्हींत एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन. शेणखताचे खरे मोल जमिनीचा पोत, ओल धरण्याची ताकद आणि जिवाणू यांत आहे, आणि ते याच कारणाने सांगायला हवे. मोबाइल जाहिरातही दाखवतो आणि तिचे खंडनही. दोन्हींतले खरे कोणते, हे ठरवण्यासाठी डोक्यात आधी काहीतरी असावे लागते.

मग मुलांना हे धडे नकोसे का होतात? इथे टीका करणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. 'जलवाहिनी व रसवाहिनी यांतील फरक लिहा' या दोन गुणांच्या प्रश्नासाठी शिकवलेला धडा मुलाला खोडापर्यंत नेत नाही. त्यातून चुकाही पक्क्या होतात. रसवाहिनी अन्न 'खाली' आणते, हे वाक्यच अर्धे आहे. साखर जिथे तयार होते किंवा साठलेली असते तिथून ती जिथे लागते तिकडे जाते. टोपलीतला कांदा मातीविना कोंब काढतो, तेव्हा अन्न खालून वर चाललेले असते.

दोष शिकवण्यात आहे म्हणून धडा काढून टाकायचा, हा उपाय नव्हे. या धड्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. पावसाळ्यात दारोदारी तेरडा उगवतो. त्याचे रोप मुळांसकट उपटून, मुळे धुऊन, लाल शाई घातलेल्या पाण्यात ठेवले तर काही तासांत अर्धपारदर्शक खोडातून लाल रेघा वर सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ब्लेडने खोडाचा आडवा काप घेतला की लाल ठिपके वर्तुळात मांडलेले असतात आणि मधला गाभा कोरा राहतो. एक रोप पाने काढून आणि एक पानांसकट ठेवले तर रंग कुठे लवकर चढतो, हे पाहून पाण्याची ओढ कुठून आहे याचा तर्क मुले स्वतः करू शकतात. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शेकडो सरकारी शाळांतली खेड्यापाड्यांतली मुले याच धर्तीवर, परिसरातल्या वस्तू घेऊन विज्ञान शिकली. साधनांची अडचण सांगणाऱ्यांनी त्या तीस वर्षांकडे पाहावे.

बदल करायचाच असेल तर तो प्रश्नपत्रिकेपासून करता येईल. 'फरक लिहा'च्या जागी विचारावे: फांदीची साल गोलाकार काढली तर पाने का सुकत नाहीत? खालची पाने पिवळी पडली आणि वरची हिरवी राहिली, तर कशाची कमतरता असेल, आणि का? डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत फॉस्फरस किती? असे प्रश्न परीक्षेत आले की शिकवणेही बदलेल, कारण आपल्याकडे वर्ग प्रश्नपत्रिकेच्या मागे चालतो. आणि आवर्तसारणीचा धडा दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात परत यायला हवा. ज्या मुलांचा विज्ञानाचा शेवटचा तास दहावीतच होतो, त्यांनाही पुढे खताच्या गोण्या, औषधाच्या बाटल्या आणि जाहिराती वाचायच्याच आहेत.